इटालियन क्रियापदं चालवायची कशी: मराठीतून थेट सुरुवात करणाऱ्यांसाठी

मिलान, तोरिनो, बोलोन्या इथे शिकायला किंवा नोकरीला येणारी मराठी मंडळी आता बरीच भेटतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो, ऑफिसातही इंग्रजीवर भागतं, म्हणून इटालियनचं नंतर बघू असं ठरतं. मग घरमालकाशी, दवाखान्यात किंवा पोस्टाच्या खिडकीवर बोलायची वेळ आली की नामं आठवतात आणि क्रियापदाशी गाडं अडतं. इटालियनमध्ये 'मी', 'तू', 'ते' हे शब्द सहसा बोलतच नाहीत. कोण करतंय हे क्रियापदाच्या शेवटावरून कळतं, त्यामुळे तो शेवट चुकला की वाक्यातला माणूसच बदलतो.

बाजारातली बहुतेक पुस्तकं इंग्रजी वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. मराठी माणसाला लहानपणापासून येतात त्या गोष्टींवर ती पानंच्या पानं खर्च करतात आणि आपण जिथे हमखास अडतो तिथे काहीच सांगत नाहीत. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की इटालियन क्रियापदाकडे मराठीतून थेट जा. मधे इंग्रजी आणू नका.

सुरू करण्याआधी काय जवळ हवं

एक जाड वही. एक शब्दकोश: ट्रेक्कानी या प्रसिद्ध इटालियन कोशसंस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो, पण तो इटालियन-इटालियन आहे. सुरुवातीला वर्डरेफरन्स ही शब्दकोशाची वेबसाइट सोपी पडेल, तिथे क्रियापदाची सगळी रूपंही दिसतात. आणि स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी मोबाइलमधला रेकॉर्डर.

खाली सगळे शब्द देवनागरीत दिले आहेत, म्हणजे आधी कान तयार होईल. रोमन लिखाण शब्दकोशात बघून वहीत शेजारी लिहीत चला. उच्चाराबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. इटालियन त आणि द हे आपल्या 'ताट', 'दार' यांमधलेच. इंग्रजीच्या सवयीनं ट-ड करू नका. च नेहमी 'चिमणी'तला, 'चमच्या'तला नव्हे. ज 'जीव'मधला, 'जहाजा'तला नव्हे. आणि जोडाक्षर दिसेल तिथे ते 'पत्ता', 'सत्तर' म्हणताना देतो तसं पूर्ण वजन देऊन म्हणा.

1. मूळ रूप बघा आणि गण ठरवा

शब्दकोशात क्रियापद ज्या रूपात सापडतं, त्याचा शेवट तीनपैकी एक असतो: आरे, एरे किंवा ईरे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना गण म्हटलं की लगेच कळेल. संस्कृतात दहा गण होते, इथे तीनच.

पहिला गण, आरे: पार्लारे (बोलणे), आबितारे (राहणे), लावोरारे (काम करणे).
दुसरा गण, एरे: प्रेन्देरे (घेणे), वेन्देरे (विकणे), स्क्रीवेरे (लिहिणे).
तिसरा गण, ईरे: दोर्मीरे (झोपणे), पार्तीरे (निघणे), कापीरे (समजणे).

पहिला गण सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सरळ. भाषेत नवं क्रियापद आलं की ते याच गणात जातं: चॅट करण्याला चात्तारे, क्लिक करण्याला क्लिक्कारे. या गणात अनियमित म्हणावीत अशी चारच क्रियापदं आहेत: आन्दारे (जाणे), दारे (देणे), स्तारे (असणे, राहणे) आणि फारे (करणे). ती वेगळ्या पानावर लिहून ठेवा, आज त्यांना हात लावू नका.

दुसऱ्या गणात एक खोच आहे. वेदेरे (बघणे) मध्ये जोर 'दे'वर येतो, प्रेन्देरे मध्ये मात्र 'प्रेन्'वर. लॅटिनमध्ये हे दोन निराळे गण होते, इटालियनमध्ये ते एकत्र झाले आणि जोराचा फरक तेवढा शिल्लक राहिला. त्यामुळे या गणातलं प्रत्येक मूळ रूप कानानं ऐकूनच शिकावं लागतं.

2. वर्तमानकाळ: आधी सारखं काय ते पाठ करा

शेवटचा आरे, एरे, ईरे काढून टाका. उरतो तो धातू, त्याला प्रत्यय लावायचे. तीन गण आणि प्रत्येकी सहा रूपं म्हणजे अठरा, असं वाटून लोक घाबरतात. पण 'मी', 'तू' आणि 'आम्ही' यांचे प्रत्यय तिन्ही गणांत एकच आहेत:

मी: ओ (पार्लो, प्रेन्दो, दोर्मो)
तू: ई (पार्ली, प्रेन्दी, दोर्मी)
आम्ही किंवा आपण: यामो (पार्ल्यामो, प्रेन्द्यामो, दोर्म्यामो)

उरलेल्या तिघांत फरक पडतो:

तो किंवा ती: पहिल्या गणात आ (पार्ला), बाकी दोघांत ए (प्रेन्दे, दोर्मे)
तुम्ही: प्रत्येक गणाचा आपला स्वर (पार्लाते, प्रेन्देते, दोर्मीते)
ते किंवा त्या: पहिल्या गणात आनो (पार्लानो), बाकी दोघांत ओनो (प्रेन्दोनो, दोर्मोनो)

म्हणजे एकूण दहाच प्रत्यय. 'ते'च्या रूपासाठी तर वेगळं पाठांतरही नको. पहिल्या गणात 'तो'च्या रूपाला नो जोडा: पार्ला, पार्लानो. दुसऱ्या-तिसऱ्या गणात 'मी'च्या रूपाला नो जोडा: प्रेन्दो, प्रेन्दोनो. ही युक्ती पुढे बऱ्याच अनियमित क्रियापदांनाही लागू पडते. वेनीरे (येणे) चं 'मी'चं रूप वेन्गो, आणि 'ते'चं वेन्गोनो.

संस्कृतची धातुरूपं घोकलेल्यांनी एवढं जपा: तिथे पाठांतर 'तो'पासून सुरू होतं, इटालियन तक्ते 'मी'पासून सुरू होतात. जुन्या चालीवर म्हणायला गेलात तर रूपांची अदलाबदल होते.

मराठीत 'बोलतो', 'बोलते' असा लिंगभेद होतो. इथे वर्तमानकाळात तो नाही, बाई असो वा पुरुष, पार्लोच. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेदही इथे नाही. उलट यामो प्रत्ययात आपलं '-ऊया'सुद्धा मावतं: मान्जामो म्हणजे 'आम्ही खातो' आणि 'चला, जेवूया' दोन्ही.

3. जोर कुठे द्यायचा

हे पुस्तकात बारीक टिपेत असतं, पण बोलताना सगळ्यात आधी हेच खटकतं. मी, तू, तो आणि ते या चार रूपांत जोर धातूवर असतो. आम्ही आणि तुम्ही या दोन रूपांत तो प्रत्ययावर सरकतो: पार्ल्यामोत 'या'वर, पार्लातेत 'ला'वर.

खरा सापळा 'ते'च्या रूपात. पार्लानो देवनागरीत लिहिलं की काना बघून आपण 'ला' लांबवतो. तसं करू नका. जोर 'पार्'वर, 'ला' आणि 'नो' झटकन. आबितारे घ्या: मी आबितो, ते आबितानो, दोन्हींत जोर पहिल्या 'आ'वर आणि पुढची तीन अक्षरं एका दमात. 'मी'च्या रूपात जोर जिथे असेल तिथेच 'ते'च्या रूपातही ठेवा.

4. तिसऱ्या गणातले दोन गट

कापीरेचं 'मी'चं रूप कापो होत नाही, कापिस्को होतं. तिसऱ्या गणातल्या बऱ्याच क्रियापदांत धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये 'इस्क' शिरतो, पण फक्त मी, तू, तो, ते या चार रूपांत:

कापिस्को, कापिश्शी, कापिश्शे, काप्यामो, कापीते, कापिस्कोनो

पुढे ई किंवा ए आला की 'स्क'चा उच्चार 'श्श' होतो. जोर जिथे धातूवर यायला हवा तिथेच हा 'इस्क' येतो आणि जोर स्वतःवर घेतो, म्हणून आम्ही-तुम्हीला त्याची गरज पडत नाही.

कोणत्या क्रियापदाला 'इस्क' लागतो? देवनागरीत लिहिणाऱ्यांना इथे छान खूण मिळते. मूळ रूपात शेवटच्या 'रे'च्या आधीचं अक्षर बघा. ते जोडाक्षर असेल तर साधा गट: दोर्मीरे, पार्तीरे, सेन्तीरे (ऐकू येणे, जाणवणे), सेर्वीरे (वाढणे, उपयोगी पडणे), आप्रीरे (उघडणे), सेग्वीरे (मागे जाणे). जोडाक्षर नसेल तर 'इस्क'चा गट: कापीरे, फिनीरे (संपणे, संपवणे), पुलीरे (साफ करणे), प्रेफेरीरे (अधिक पसंत करणे), स्पेदीरे (पाठवणे), कोस्त्रुईरे (बांधणे).

ही खूण बहुतेक वेळा बरोबर निघते, नेहमी नाही. गारान्तीरे (हमी देणे) आणि आर्रोस्सीरे (लाजून लाल होणे) यांत जोडाक्षर असूनही 'इस्क' लागतो. वेनीरे आणि सालीरे (चढणे) यांत जोडाक्षर नाही, पण ती मुळातच अनियमित आहेत. शंका आली तर शब्दकोश उघडा. चांगल्या इटालियन कोशात अशा क्रियापदाशेजारी 'मी'चं रूप दिलेलंच असतं.

5. क-ग आणि च-ज यांचा घोळ

इटालियन लिपीत 'सी' या अक्षराचा उच्चार ई-ए पुढे असताना च होतो, एरवी क. 'जी'चा तसाच ज किंवा ग. प्रत्यय बदलले की प्रश्न पडतो, उच्चार सांभाळायचा की स्पेलिंग?

पहिल्या गणात उच्चार सांभाळतात. चेर्कारे (शोधणे): चेर्को, चेर्की, चेर्का, चेर्क्यामो. क टिकवण्यासाठी तू आणि आम्हीच्या स्पेलिंगमध्ये 'एच' घालतात. पागारे (पैसे देणे) चंही तेच: पागो, पागी, पागा, पाग्यामो. बोलताना काही अडचण येत नाही, लिहिताना मात्र 'एच' विसरला तर चेर्कीचं 'चेर्ची' होतं.

दुसऱ्या गणात बरोबर उलटं. स्पेलिंग तसंच राहतं आणि उच्चार बदलतो. लेज्जेरे (वाचणे): लेग्गो, लेज्जी, लेज्जे, लेज्जामो, लेज्जेते, लेग्गोनो. कोनोश्शेरे (ओळखणे): कोनोस्को, कोनोश्शी, कोनोश्शे आणि शेवटी पुन्हा कोनोस्कोनो. 'मी' आणि 'ते' यांचा उच्चार कठोर, बाकी मऊ, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

मान्जारे (खाणे) आणि कोमिन्चारे (सुरू करणे) यांत ज-च आधीपासूनच मऊ आहेत. तिथे 'तू'च्या रूपात दोन 'आय' लिहू नका, एकच पुरतो.

6. आदरार्थी बोलताना: मराठी माणसाचा हमखास सापळा

इथे जरा थांबून वाचा, कारण ही चूक पुस्तकं सांगत नाहीत. आपण मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणतो, म्हणजे अनेकवचन वापरतो. त्या सवयीनं मराठी माणूस दुकानदाराला किंवा डॉक्टरांना पार्लाते, आबिताते म्हणून मोकळा होतो. आजच्या प्रमाण इटालियनमध्ये ते रूप एकाहून जास्त माणसांसाठी आहे. एका आदरणीय व्यक्तीसाठी 'लेई' हे सर्वनाम आणि त्याबरोबर 'तो/ती'चं एकवचनी रूप येतं. तुम्हाला इंग्रजी येतं का? पार्ला इन्ग्लेझे? आपण कुठे राहता? दोवे आबिता?

नापोलीच्या बाजूला वडीलधाऱ्यांना 'वोई' म्हणजे 'तुम्ही' म्हणण्याची रीत अजून कानावर पडते. 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीनं 'लेई'वर बंदी घालून सगळ्यांना 'वोई' म्हणायला लावलं होतं. राजवट पडल्यावर 'लेई' परत आलं. नवशिक्यानं 'लेई'च धरावं.

याच सवयीची दुसरी बाजू तृतीय पुरुषात दिसते. 'सर येतात', 'आजी सांगतात' असं आपण एका माणसाबद्दल अनेकवचनात बोलतो. इटालियनमध्ये माणूस कितीही मोठा असला तरी एक म्हणजे एकवचन: इल प्रोफेस्सोरे आर्रीवा. तिथे आर्रीवानो म्हटलंत तर ऐकणारा दुसरा माणूस कोण येतोय ते शोधत बसेल.

'तू'साठी मात्र शब्दही 'तू'च आहे. वर्गातली मुलं, शेजारचे समवयस्क, सहकारी यांच्याशी तेच. समोरचा वयानं मोठा असेल तर त्यानं सुचवल्याशिवाय 'लेई' सोडू नका.

7. मराठी कुठे हात देते, कुठे अडवते

प्रश्न विचारायला शब्दांची उलटापालट लागत नाही. 'मराठी बोलतोस?' म्हणताना आवाज वर जातो तसाच इथेही: पार्ली मराठी? नकारासाठी क्रियापदाच्या आधी 'नोन' ठेवला की झालं: नोन पार्लो, नोन दोर्मो.

पार्लो म्हणजे 'बोलतो' आणि 'बोलतोय' दोन्ही. 'मी दोन वर्षांपासून मिलानमध्ये राहतोय' हे वाक्य घ्या. इंग्रजीतून गेलात तर कोणता काळ वापरावा असा पेच पडतो. मराठीतून गेलात तर साधा वर्तमानकाळ आपोआप येतो: आबितो आ मिलानो दा दुए आन्नी. 'दा' हे आपलं 'पासून'.

'मला आवडतं'चंही तसंच. मी प्याचे म्हणजे 'मला आवडतं', आणि आवडणाऱ्या गोष्टी अनेक असल्या तर मी प्याच्चोनो, म्हणजे 'मला आवडतात'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं, अगदी मराठीसारखं. इथला 'मी' म्हणजे 'मला', हे मात्र ठामपणे लक्षात ठेवा. आपल्या मराठी 'मी'साठी इटालियन शब्द वेगळा, तो 'ईओ'.

आणि आता अडचण. मराठीतलं प्रत्येक 'मला' इथे चालत नाही. मला समजतं, मला वाटतं, मला आठवतं या तिन्हींत इटालियन माणूस सरळ 'मी'चं रूप वापरतो: कापिस्को, पेन्सो (मूळ पेन्सारे), रिकोर्दो (मूळ रिकोर्दारे). अशा 'मला'वाल्या क्रियापदांची वहीत वेगळी यादी करा आणि प्रत्येकासमोर इटालियनमध्ये कर्ता कोण ते लिहा.

8. झालेलं सांगायला: पहिला भूतकाळ

वर्तमानकाळ तोंडात बसला की लगेच हा घ्या, कारण रोजच्या बोलण्यात तो सारखा लागतो. एक साहाय्यक क्रियापद आणि धातूचं भूतकाळी रूप, अशी त्याची जोडी. ते रूप पहिल्या गणात आतो (पार्लातो), दुसऱ्यात ऊतो (वेन्दूतो), तिसऱ्यात ईतो (दोर्मीतो, कापीतो). 'इस्क' इथे येत नाही.

साहाय्यक दोन, दोन्ही अनियमित, पण यांच्यापासून सुटका नाही:

आवेरे (जवळ असणे): ओ, आय, आ, आब्ब्यामो, आवेते, आन्नो
एस्सेरे (असणे): सोनो, सेई, ए, स्यामो, स्येते, सोनो

'येणे', 'निघणे', 'पोहोचणे' अशा बऱ्याच हालचालीच्या क्रियापदांना एस्सेरे लागतं, आणि तिथे मराठीसारखाच लिंगभेद येतो. 'आलो' म्हणणारा पुरुष सोनो आर्रिवातो म्हणेल, 'आले' म्हणणारी बाई सोनो आर्रिवाता.

सकर्मक क्रियापदांना आवेरे लागतं. मराठीत 'मी चिठ्ठी पाठवली' म्हणताना क्रियापद चिठ्ठीप्रमाणे बदलतं. इटालियनमध्ये नाही: ओ स्पेदीतो ला लेत्तेरा. पण 'चिठ्ठी'ऐवजी 'ती' हे सर्वनाम पुढे आलं, की तिथे मराठीसारखंच होतं: लो स्पेदीता, म्हणजे 'ती पाठवली'.

दुसऱ्या गणाबाबत सावध राहा. वर्तमानात सरळ चालणारी त्यातली कितीतरी क्रियापदं इथे बिघडतात: प्रेन्देरेचं प्रेझो, स्क्रीवेरेचं स्क्रित्तो, लेज्जेरेचं लेत्तो. ही एकेक करून पाठच करावी लागतात.

9. सराव कसा करावा

तक्ता उभा घोकला की उभाच आठवतो, हवं ते रूप चटकन सुचत नाही. म्हणून सराव प्रश्नोत्तरांतून करा. कॉफी घ्यायला बारमध्ये गेलात की काउंटरवरचा माणूस विचारतो, कोझा प्रेन्दे? (आपण काय घेणार?) उत्तर: प्रेन्दो उन काफ्फे. तरुण असेल तर विचारेल, कोझा प्रेन्दी? उत्तर तेच, प्रेन्दो. दोघं-तिघं असाल तर कोझा प्रेन्देते? आणि उत्तर प्रेन्द्यामो. प्रश्नातला ई किंवा ए ऐकला की ओ, ते ऐकला की यामो. ही अदलाबदल तोंडाला बसली की तुम्ही अर्धं बोलायला लागलात.

रोज तीन क्रियापदं घ्या, प्रत्येक गणातलं एक. प्रत्येकाचे तीन प्रश्न आणि तीन उत्तरं मोठ्यानं म्हणा, रेकॉर्ड करा, आणि 'ते'च्या रूपातला जोर ऐकून तपासा. पार्लारे, आबितारे, लावोरारे, चेर्कारे, पागारे, मान्जारे, प्रेन्देरे, स्क्रीवेरे, लेज्जेरे, दोर्मीरे, आप्रीरे, कापीरे, फिनीरे: पहिल्या पंधरवड्याला एवढी पुरेत. त्यानंतर बाजूला ठेवलेल्या पानावरची आन्दारे आणि फारे आधी घ्या, मग दारे आणि स्तारे.